टोपीवरचा खांब

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेलेल्या महार पलटणीच्या जवानाच्या टोपीवर एक दगडी खांब होता. भीमेकाठचा कोरेगावचा स्तंभ, आणि त्यावर ‘महार’ हे नाव. पलटणीच्या बिल्ल्यावर एरवी बिगूल, तलवार, वाघ-सिंह असं काही दिसतं. इथे जवळजवळ घराण्याची वंशावळच डोक्यावर चढवलेली होती.

१ जानेवारी १८१८ रोजी पेशव्यांच्या फौजेशी झालेल्या लढाईत कंपनी सरकारचे जे शिपाई पडले, त्यांची नावं त्या स्तंभावर कोरलेली आहेत. त्यातली बावीस नावं ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात. हा प्रत्यय महारांच्या नावात असे, त्यामुळे वाचणाऱ्याला वेगळं काही सांगावं लागत नाही. स्तंभ इंग्रजांनी आपल्या विजयासाठी उभारला, हे खरंच. पण नावं ज्यांची होती त्यांनी तो आपला मानला. १ जानेवारी १९२७ला डॉ. आंबेडकर तिथे गेले ते याच नात्याने.

मधला काळ मात्र कोरडा गेला. १८९०च्या दशकात, ठरावीक जातीच लढवय्या असतात या इंग्रजांच्या ‘लढाऊ जाती’च्या खुळापायी महारांची भरती थांबली. सैन्यातल्या नोकरीबरोबर पगार, पेन्शन आणि मुलांसाठी पलटणीतली शाळा येत असे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ अशाच एका शाळेचे हेडमास्तर होते. कॅम्प दापोलीत अशी पेन्शनरांची घरं होती. तिथलेच निवृत्त सैनिक गोपाळ बाबा वलंगकर यांनी भरतीबंदीविरुद्ध अर्ज तयार केला. १९१०मध्ये पुण्याचे दलित पुढारी शिवराम जानबा कांबळे यांनीही पुन्हा सरकारचं दार ठोठावलं. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा, १९१७ साली, १११वी महार पलटण निघाली. युद्ध सरल्यावर काही वर्षांतच मोडलीही. गरज सरो, वैद्य मरो!

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले ते १९४१मध्ये. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, आणि दुसरी कामठीला. बिल्ला याच सुरुवातीच्या दिवसांतला.

त्या वेळी भरती झालेल्या पोराचा आजा किंवा पणजा पलटणीत असण्याची शक्यता मोठी, बाप मात्र बहुधा नसणार. १११व्या पलटणीची काही वर्षं सोडली तर बापाच्या पिढीला तो दरवाजाच बंद होता. परेडआधी ब्रासो लावून बिल्ला घासताना घरच्या गोष्टीतला आजा त्याच्या डोळ्यांपुढे येत असेल. आणि गावी मनीऑर्डर पोचली, की पोस्टमनसमोर अंगठा उठवणाऱ्या आईच्याही.

१९४६मध्ये रेजिमेंट मशीनगनची झाली आणि बिल्ल्यावर दोन व्हिकर्स गना आडव्यातिडव्या आल्या. पुढे खांबाची जागा खंजिराने घेतली.