शाळेच्या ताटातला खिमा: अमेरिकेतल्या वादाची पार्श्वभूमी

मार्च 2012 मध्ये बातमी फुटली की अमेरिकेचं कृषी खातं शाळांच्या जेवणासाठी 70 लाख पाउंड, म्हणजे सुमारे 32 लाख किलो, एका विशिष्ट प्रक्रियेतून निघालेलं गोमांस घेणार आहे. दोन आठवड्यांच्या आत खात्याला माघार घ्यावी लागली. कारखान्यात या मालाला लीन फाइनली टेक्स्चर्ड बीफ म्हणतात. लोकांच्या तोंडी बसलं ते पिंक स्लाइम, म्हणजे गुलाबी लिबलिबीत लगदा. आरडाओरडा झाला तो मुख्यतः जंतू मारायला त्यात सोडलेल्या अमोनियावरून. मात्र शाळेच्या जेवणातल्या मांसाचं दुखणं त्याहून बरंच जुनं आहे. मांस कोण विकत घेतं, कोणत्या भावाने घेतं आणि किती वेळा तपासतं, यात ते आहे.

राष्ट्रीय शालेय भोजन कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांची सही 4 जून 1946 रोजी झाली. कायद्यात दोन उद्देश शेजारी शेजारी लिहिलेले आहेत: मुलांचं आरोग्य राखणं आणि देशातल्या पौष्टिक शेतमालाचा खप वाढवणं. शेतमालाला उठाव मिळवून देणारं खातंच मुलांच्या ताटात काय पडावं हेही ठरवू लागलं. बाजारात पडून राहणारा माल शाळांकडे वळवायची वाट इथून तयार झाली. आजही शाळांना मिळणारी मदत दोन रूपांत येते: दर जेवणामागे रोख रक्कम आणि खात्याने निविदा काढून घेतलेला माल. 2011-12 मध्ये मोफत जेवणामागे 2.77 डॉलर रोख मिळत. त्यातून अन्न, पगार, वीज, भांडीकुंडी सगळंच भागवायचं. त्यामुळे खात्याकडून आलेला गोमांसाचा खिमा, कोंबडी आणि चीज शाळांना नाकारता येत नसे.

मांस स्वस्तात पडावं म्हणून त्यात भर घालणंही नवं नाही. 1971 मध्ये खात्याने शाळांना मांसाच्या पदार्थांत 30 टक्क्यांपर्यंत भिजवलेलं सोयाप्रथिन मिसळायची मुभा दिली आणि 2000 मध्ये ही मर्यादाही काढली. सोयाने मुलांचं काही बिघडत नाही. पण 'बीफ पॅटी' या नावाखाली बीफ किती, हा प्रश्न तेव्हापासून सुरू झाला.

खिम्याचाच एवढा घोर का

ई. कोलाय ओ157:एच7 हा जंतू गुरांच्या आतड्यात राहतो. जनावराला त्याचा त्रास होत नाही. कातडं सोलताना किंवा पोट साफ करताना शेणाचा अंश मांसाच्या पृष्ठभागाला लागतो. अख्खा तुकडा भाजला की वरचे जंतू मरतात. खिमा करताना मात्र पृष्ठभागच आत जातो, शिवाय एका घाण्यात अनेक जनावरांचं मांस असतं. म्हणून खिमा मधोमध 71 अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. वरून तपकिरी दिसला एवढ्याने भागत नाही, मध्ये थर्मामीटर खुपसून बघावं लागतं. हा जंतू शंभराहून कमी संख्येनेही आजारी पाडू शकतो, आणि लहान मुलांमध्ये त्याचं विष मूत्रपिंडं निकामी करू शकतं.

1993 च्या सुरुवातीला जॅक इन द बॉक्स या हॉटेलसाखळीच्या नीट न शिजलेल्या बर्गरमुळे 700 हून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. पुढच्याच वर्षी सरकारने हा जंतू असलेला खिमा भेसळयुक्त ठरवला, म्हणजे विकायला बंदी. साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या दुसऱ्या जंतूला मात्र हा नियम लागला नाही. मांस शिजवल्यावर तो मरतो, ही त्यामागची भूमिका.

शाळांवर याचा परिणाम वेगळाच झाला. 1998 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या फिनली इथल्या प्राथमिक शाळेतल्या टॅकोच्या खिम्यावरून मुलं आजारी पडली. प्रकरण कोर्टात गेलं. ज्युरीने दोष मांस पुरवणाऱ्याला न देता, नीट न शिजवल्याबद्दल शाळा-जिल्ह्याला दिला आणि भरपाई 46 लाख डॉलरच्या घरात गेली. असा निकाल वाचल्यावर कच्चं मांस स्वयंपाकघरात कोण येऊ देईल? अनेक जिल्ह्यांनी कारखान्यातून शिजवून, गोठवून आलेल्या पॅटी आणि खिमा घ्यायला सुरुवात केली. स्वयंपाकघरात फक्त गरम करायचं. जंतूंचा धोका कमी झाला हे खरं. पण मांस, सोया, मीठ, फॉस्फेट, स्वादद्रव्य यांचं मिश्रण ठरवण्याचं काम आचाऱ्याच्या हातून कारखान्याकडे गेलं, आणि अनेक शाळांमधली शेगडी, मोठी पातेली आणि ती वापरणारे हात दोन्ही गेले. हे नुकसान आजही भरून निघालेलं नाही.

साल्मोनेलाची गोष्ट वेगळी. टेक्सासमधली सुप्रीम बीफ ही शाळांना खिमा पुरवणारी मोठी कंपनी तपासण्यांत तीनदा नापास झाली. खात्याने तिथले निरीक्षक काढून घ्यायचं, म्हणजे कारखाना बंदच पाडायचं ठरवलं, तशी कंपनी कोर्टात गेली आणि डिसेंबर 2001 मध्ये अपील न्यायालयातही जिंकली: साल्मोनेलावरून कारखाना बंद पाडण्याचा अधिकार खात्याला नाही. दरम्यान 2000 पासून शाळांच्या खरेदीसाठी वेगळी अट आली होती, साल्मोनेला सापडला तर तो घाणा शाळांना नको. पुढच्याच वर्षी, एप्रिल 2001 मध्ये, ही अट सोडून देण्याचा विचार पुढे आला आणि बोभाटा होताच काही दिवसांत मागे घेतला गेला. शाळांसाठी नाकारलेला तोच घाणा दुकानात विकायला मात्र कायद्याची आडकाठी नव्हती.

छाटणीपासून ठोकळ्यापर्यंत

आता मूळ वादाकडे. स्टेक आणि रोस्टचे तुकडे पाडताना कडेची चरबी छाटतात. या छाटणीत निम्म्याहून जास्त चरबी, आणि तिला चिकटलेलं थोडं लाल मांस. सुरीने ते सोडवणं परवडत नाही, म्हणून पूर्वी हा माल तेलाला किंवा पाळीव प्राण्यांच्या खाद्याला जाई. साउथ डकोटातल्या बीफ प्रॉडक्ट्स इन्कॉर्पोरेटेड या कंपनीने त्यासाठी यंत्रं बसवली. छाटणी दळायची, साधारण 40 अंश सेल्सिअसपर्यंत कोमट करायची म्हणजे चरबी सैल होते, मग सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायची. चरबी वेगळी होते आणि 94 ते 97 टक्के चरबीमुक्त, अगदी बारीक पोताचं मांस हाती येतं. ते पेन्सिलीएवढ्या जाडीच्या नळीतून नेताना अमोनिया वायू सोडतात, म्हणजे मांसाचा सामू (पीएच) चढतो आणि जंतू मरतात. लगेच थंड रोलरवर पातळ थरात गोठवायचं आणि दाबून ठोकळे करायचे. हा माल एकटा विकला जात नाही. साध्या खिम्यात तो 15 टक्क्यांपर्यंत मिसळतात.

यात बिघडतं कुठे? छाटणी येते जनावराच्या बाहेरच्या बाजूने, म्हणजे जिथे शेण लागायची शक्यता सर्वाधिक तिथून. त्यामुळे सगळी मदार अमोनियावर. सामू पुरेसा चढवला तर जंतू मरतात, पण वास येतो. 2003 मध्ये जॉर्जिया राज्यातल्या तुरुंगांसाठी मीटलोफ करणाऱ्या स्वयंपाक्यांना 60 पाउंडांच्या गोठलेल्या ठोकळ्यांतून अमोनियाचा भपकारा आला, आणि जवळपास 7,000 पाउंड माल परत गेला. वासाच्या तक्रारी आल्या म्हणून सामू खाली आणला, तर जंतू मारण्याची ताकद कमी होते. वास आणि सुरक्षितता यांतली ही ओढाताण या पद्धतीच्या गाभ्यातच आहे.

सरकारने ही पद्धत 2001 मध्ये मान्य केली. अमोनिया हा घटक नसून प्रक्रियेतलं साधन, असं ठरल्यामुळे वेष्टनावर तो लिहायची गरज उरली नाही. खात्यातल्याच एका सूक्ष्मजीवतज्ज्ञाने 2002 मध्ये सहकाऱ्यांना पाठवलेल्या ईमेलमध्ये याला साधा खिमा म्हणायला विरोध केला होता. पिंक स्लाइम हे शब्द त्याच ईमेलमधले. 2007 मध्ये तर खात्याने या कंपनीला नेहमीच्या जंतुतपासणीतूनच सूट दिली. सगळ्या प्रकरणातला सर्वांत गंभीर निर्णय आमच्या मते हाच.

ही सूट किती अनाठायी होती हे कळलं ते शाळांमुळे. शाळांसाठी माल घेणारा विभाग आपल्या तपासण्या चालूच ठेवून होता. त्याच्या नोंदी न्यूयॉर्क टाइम्सने डिसेंबर 2009 मध्ये मांडल्या: 2005 पासून या कंपनीच्या मालात तीनदा ई. कोलाय आणि 48 वेळा साल्मोनेला सापडला होता. हजार नमुन्यांमागे साल्मोनेलाचे 36 नमुने, तर इतर पुरवठादारांचे नऊ. दूषित माल मुलांच्या ताटात जाण्याआधीच अडवला गेला. पण शाळांच्या विभागाने कारखान्यावर वेळोवेळी खरेदीबंदी घातली, आणि त्याच खात्यातल्या मांस-सुरक्षा विभागाच्या वरिष्ठांना त्याची खबर नव्हती. हे मांस मिसळून वाचत होते पाउंडामागे सुमारे तीन सेंट. बातमीनंतर सूट रद्द झाली. या मालामुळे कुणी आजारी पडल्याचं कधी सिद्ध झालेलं नाही, हेही इथेच नोंदवायला हवं.

त्याआधी, फेब्रुवारी 2008 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या चिनो इथल्या वेस्टलँड/हॉलमार्क कंपनीचं 14 कोटी 30 लाख पाउंड गोमांस परत मागवावं लागलं होतं. उभं राहता न येणाऱ्या आजारी गायींना फोर्कलिफ्टने ढकलून कत्तलीला नेतानाचं छुपं चित्रीकरण बाहेर आलं होतं. यातलं सुमारे 3 कोटी 70 लाख पाउंड मांस शाळांच्या वाट्याचं होतं. मागवलेला माल दोन वर्षं मागचा असल्याने बहुतेक खाऊन संपला होता. याच कंपनीला खात्याने काही वर्षांपूर्वी वर्षातला उत्कृष्ट पुरवठादार म्हणून गौरवलं होतं. 2009 मध्ये यूएसए टुडेने आणखी भर घातली: बड्या फास्ट फूड कंपन्या आपलं गोमांस शाळांच्या मालापेक्षा पाच ते दहा पट जास्त वेळा तपासतात, आणि अंडी देणं थांबल्यावर काढून टाकलेल्या म्हाताऱ्या कोंबड्यांचं 7 कोटी 70 लाख पाउंड मांस 2001 पासून शाळांना गेलं होतं. या कोंबड्यांचं मांस चिवट असतं आणि फास्ट फूडवाले ते घेत नाहीत.

या दडपणाखाली जुलै 2010 पासून शाळांच्या खिम्याचे नियम कडक झाले. उत्पादन चालू असताना दर 15 मिनिटांनी तयार मालाचा नमुना घ्यायचा, हा त्यातला सर्वांत उपयोगी बदल. दिवसाकाठी एखादाच नमुना घेतला तर दूषित घाणा निसटतो. नमुने दाट घेतले तर सापडायची शक्यता वाढते.

वाद पेटल्यावर

2012 च्या सुरुवातीपर्यंत मॅकडोनल्ड्स, बर्गर किंग आणि टाको बेल यांनी हे मांस सोडलं होतं. शाळा सोडत नाहीत, हे कळल्यावर पालक खवळले. ह्यूस्टनमधल्या एका आईच्या ऑनलाइन अर्जावर नऊ दिवसांत दोन लाखांहून जास्त सह्या पडल्या. 15 मार्चला खात्याने शाळांना निवडीची मुभा दिली, पण ती निवडही सरळ नव्हती: हे मांस असलेल्या 95 टक्के चरबीमुक्त तयार पॅटी, किंवा ते नसलेला पण जास्त चरबीचा सुटा खिमा. स्वयंपाकघर आधीच मोडून बसलेल्या शाळेने सुटा खिमा घेऊन काय करायचं? तरीही बहुतेक राज्यांनी ते मांस नाकारलं. आयोवा, नेब्रास्का आणि साउथ डकोटा एवढीच राज्यं ते मागवत राहिली. कंपनीचे चारपैकी तीन कारखाने बंद पडले आणि शेकडो कामगारांची रोजीरोटी गेली.

या काळात घरोघरी पोहोचलेला गुलाबी, मऊ लगद्याचा फोटो या मालाचा नव्हताच. तो यंत्राने हाडापासून सोडवलेल्या कोंबडीचा होता. त्या पद्धतीत हाडांसकट मांस चाळणीतून दाबून काढतात. गोमांसाच्या बाबतीत ती मॅड काऊ या गुरांच्या मेंदूच्या रोगाच्या भीतीने 2004 पासून मानवी अन्नासाठी बंद आहे. दोन्ही गोष्टींची सरमिसळ झाल्याने कंपनीला रास्त तक्रार मिळाली. तिने या मालावर बातम्या दाखवणाऱ्या एबीसी न्यूज या वाहिनीवर दावा लावला. खटला उभा राहिल्यावर जून 2017 मध्ये तडजोड झाली आणि एबीसीची मालक डिस्नी हिने हिशेबात 17 कोटी 70 लाख डॉलरचा खर्च दाखवला. डिसेंबर 2018 मध्ये खात्याने या कंपनीच्या मालाला नुसतं 'ग्राउंड बीफ' म्हणायलाही परवानगी दिली.

न्यू जर्सीत किंवा बे एरियात मुलं शाळेत घालणाऱ्या मराठी पालकांनी एवढं लक्षात ठेवावं की शाळेच्या मेनूवरून यातलं काहीच कळत नाही. तयार पॅटीच्या खोक्यावर सीएन (चाइल्ड न्यूट्रिशन, म्हणजे बालपोषण) नावाची चौकट असते, पण ती फक्त एक नग किती औंस मांसाच्या जागी धरायचा ते सांगते. घटकांची यादी त्याच खोक्यावर वेगळी छापलेली असते. जिल्ह्याच्या फूड सर्व्हिस कार्यालयाकडे ती यादी लेखी मागावी, आणि माल सरकारी खरेदीतून थेट आला की मधल्या कारखान्यात नगेट्स, पॅटी बनून आला, हेही विचारावं. गोमांस वर्ज्य असणाऱ्या घरांना तर हे विचारावंच लागतं.

गेल्या दशकात चिंतेचा रोख जंतूंकडून मीठ आणि मांस टिकवायला घालतात त्या नायट्राइटकडे वळला. ऑक्टोबर 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हॅम, सॉसेज, हॉट डॉगसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं. रोज 50 ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो. अमेरिकेच्या शालेय भोजन नियमांत सोडियमला मर्यादा आहे, पण प्रक्रिया केलेल्या मांसावर अजून नाही. 2023 मध्ये क्राफ्ट हाइन्झ या खाद्यकंपनीने लंचेबल्स या आपल्या तयार जेवणाचे दोन डबे शाळांसाठी आणले. प्रथिनांची अट पुरी करायला त्यांत मांस वाढवलं आणि त्यासोबत मीठही वाढलं: टर्की-चेडरच्या दुकानातल्या डब्यात 740 मिलिग्रॅम सोडियम, शाळेच्या डब्यात 930. कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संघटनेने एप्रिल 2024 मध्ये हे डबे काढायची मागणी केली. नोव्हेंबरमध्ये कंपनीने ते मागे घेतले, मागणी कमी म्हणून. नियम होता तसाच आहे.