आई-बाबा घरी एकटे असतात तेव्हा: यंत्रं घेण्याआधी वाचायचं पत्रक

आमच्या फोंड्याच्या दुकानात आलेलं माणूस बहुधा एकच वाक्य आधी बोलतं: "बाबा न्हाणीत पडले होते, दोन तास कोणाला कळलंच नाही." मुलगा दुबईला नाहीतर पुण्याला, मुलगी सासरी, आणि एवढ्या मोठ्या घरात दोघं, कित्येकदा एकटी आईच. २०११ च्या जनगणनेत गोव्यात साठी ओलांडलेली माणसं शंभरात अकरा होती, देशात साडेआठच्या आसपास. म्हणजे हा प्रश्न आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक वाड्यावर आहे.

संकटाची घंटा, रक्तदाबाचं यंत्र अशी घरी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठीची साधनं आम्ही विकतो, घरी येऊन बसवतो आणि बिघडली की दुरुस्तही करतो. त्यामुळे कोणतं साधन कशामुळे बंद पडतं, हे पावसाळ्यागणिक बघायला मिळतं. तेच इथे लिहिलं आहे. हे पत्रक आई-बाबांनाही वाचायला द्या. साधन त्यांच्या घरात, त्यांच्या अंगावर असणार आहे.

आधी माणूस, मग यंत्र

गळ्यातलं बटण दाबलं, घंटा वाजली, निरोप गेला. तो कोणाला गेला? अनेक घरांत पहिला नंबर परदेशातल्या मुलाचा असतो. रात्री दोन वाजता इथे आई पडली तर दुबईत साडेबारा वाजलेले असतात, लंडनमध्ये संध्याकाळचे साडेनऊ किंवा साडेआठ. मुलगा फोन उचलेलही, पण येणार कोण? म्हणून आमच्याकडे साधन घेताना पहिला नंबर आम्ही चालत दहा मिनिटांत पोचणाऱ्या माणसाचा मागतो: शेजारची वहिनी, वाड्यावरचा एखादा तरुण, जवळ राहणारा भाचा. दुसरा नंबरही जवळच्याच माणसाचा. मुलांचे नंबर तिसरे आणि चौथे. ज्यांचे नंबर घालता त्यांना आधी विचारा, आणि त्यांच्यासमोर एकदा घंटा वाजवून दाखवा. अनोळखी नंबरवरून अपरात्री फोन आला की माणसं उचलत नाहीत.

आणि दाराचं काय? जुन्या घरांना आतून कडी आणि अडसर. शेजारी धावत येतो आणि बाहेर उभा राहतो. एका घरी असंच झालं. शेवटी स्वयंपाकघराच्या बाजूची कौलं काढून आत उतरावं लागलं. तेव्हापासून घंटा बसवायला गेलो की दार बघितल्याशिवाय आम्ही परत येत नाही. बाहेरूनही किल्लीने उघडेल असं कुलूप एका दाराला बसवा, दुसरी किल्ली शेजारी ठेवा, आणि रात्री त्या दाराला आतून अडसर घालायचा नाही हे आईला पटवून द्या. यातलं पटवणं सर्वांत अवघड असतं. चोराची भीती खरी असते, ती हसण्यावारी नेऊ नका.

रुग्णवाहिकेचा १०८, आपत्कालीन ११२ आणि ज्येष्ठांसाठीच्या मदतवाहिनीचा १४५६७, हे तीन नंबर मोठ्या अक्षरांत फोनजवळ चिकटवा. रुग्णवाहिकेला घर कसं सांगायचं, तेही खाली लिहा: कोणतं देऊळ, कोणता तिठा, तिथून किती आत. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा पत्ता सांगता येत नाही.

आपलं घर, आपला पाऊस, आपली वीज

खोक्यावर लिहिलेले गुण दिल्ली-बंगळूरच्या फ्लॅटमध्ये खरे ठरतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, माडाचं झावळ तारेवर पडलं की वीज जाते, आणि भिंती जाड चिऱ्याच्या. राउटर बाहेरच्या खोलीत असेल तर राजांगणापलीकडच्या, म्हणजे घराच्या मधल्या चौकापलीकडच्या खोलीत वायफाय पोचेलच असं नाही. बहुतेक राउटरवर दोन प्रकारची लहर असते, त्यातली २.४ गिगाहर्ट्‌झची भिंतीतून जास्त आत जाते, ५ ची वेगवान असली तरी लवकर विरते. घरातल्या साधनांना २.४ वर जोडा. तेवढ्याने भागलं नाही तर मधल्या खोलीत दुसरा राउटर लागेल.

विजेबद्दल एक गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही. तारेवरचा जुना टेलिफोन वीज गेली तरी वाजायचा, कारण त्याला लागणारी वीज एक्स्चेंजमधून त्याच तारेने यायची. फायबरवरच्या फोनचं तसं नाही. घरातली वीज गेली की राउटर बंद, राउटर बंद की फोनही बंद आणि घंटाही. यावर उपाय स्वस्त आहे: राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर राउटर चालू ठेवणारी बॅटरी. पुष्कळ राउटर १२ व्होल्टचे असतात, पण तुमच्या ॲडाप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघूनच घ्या. भिंतीवर फायबरचं वेगळं डबडं असेल तर त्यालाही यूपीएस लागतो, नाहीतर राउटर जिवंत आणि इंटरनेट गायब. शिवाय पुढच्या रस्त्यावरची कंपनीची यंत्रणाही वीज गेल्यावर बंद पडू शकते. म्हणून संकटाच्या घंटेसाठी आमचं मत स्पष्ट आहे: नुसत्या वायफायवर चालणारी घंटा घेऊ नका. सिमकार्डवरही चालेल अशी घ्या.

सिमकार्डाची दोन पथ्यं. काही स्वस्त साधनं फक्त टूजीवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मोबाईल नेटवर्कवर चालतात. जिओचं टूजी नेटवर्कच नाही, तिथे ती मुकी राहतात. कुळागरातल्या (माड-पोफळीच्या बागेतल्या) घरात कोणत्या कंपनीची दांडी येते हे आधी तुमच्या मोबाईलवर बघा, न्हाणीत उभं राहूनही बघा. आणि प्रीपेड सिमचा रिचार्ज संपला की घंटा गुपचूप मरते, दिसायला मात्र तशीच असते. वर्षाचा रिचार्ज एकदम करा. तो चतुर्थीला सगळे घरी येतात तेव्हा केला की विसरत नाही.

वीज कडाडायला लागली की प्लग काढायची आपल्याकडची सवय चांगली आहे, मोडू नका. बॅटरीवर काही तास चालेल असंच साधन घ्या, म्हणजे प्लग काढला तरी ते जागं राहतं. घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगचा जमिनीतला खड्डा सुकला की ते निकामी होतं, आणि मग कितीही महागडा सर्ज प्रोटेक्टर लावला तरी उपयोग नाही.

पडल्याचं कळवणारी साधनं

पडल्यावर हाड मोडलं नाही तरी तासन्‌तास जमिनीवर पडून राहणं म्हाताऱ्या शरीराला फार जड जातं. अंगातलं पाणी कमी होतं, दाबाखालच्या स्नायूंना इजा होते, कातडी सोलवटते. म्हणून लवकर कळण्याला महत्त्व.

आपोआप पडणं ओळखणारी घड्याळं आणि पदकं शरीराला बसलेला धक्का आणि त्यानंतरची स्तब्धता मोजतात. धाडकन पडलं तर बहुधा ओळखतात. खुर्चीवरून हळूहळू घसरून खाली बसलं, किंवा भिंतीला धरून कोसळलं, तर ओळखतीलच असं नाही. उलट टेबलावर जोरात हात आपटला तरी कधी घंटा वाजते. तेव्हा "आपोआप" या शब्दावर विसंबू नका, दाबायचं बटण असलेलंच साधन घ्या. आणि ते न्हाणीतही अंगावर राहायला हवं. माणसं घड्याळ काढून आंघोळीला जातात, आणि निसरडं तिथेच असतं. साधनावर आयपी ६७ लिहिलं असेल तर ते एक मीटर खोल साध्या पाण्यात अर्धा तास तग धरतं; साबण आणि कढत पाण्याची वाफ त्यात मोजलेली नसते, म्हणून नंतर साध्या पाण्याने पुसून घ्या. रोज चार्ज करावं लागणारं घड्याळ आमच्या अनुभवात दोन महिन्यांत कपाटात जातं. बॅटरी अनेक महिने टिकणारं साधं पदक जास्त दिवस गळ्यात राहतं.

भिंतीवरच्या बटणाबद्दल आमची एक चूक सांगायला हवी. सुरुवातीला आम्ही ते विजेच्या बटणांच्या उंचीवर बसवत होतो. एका आजी खाली पडल्या, बटण वर होतं, हात पोचला नाही. आता आम्ही जमिनीपासून वीतभर उंचीवर दुसरं बटण लावतो, नाहीतर वरच्या बटणाला जमिनीपर्यंत दोरी सोडतो.

सर्वांत कमी किमतीचं आणि आम्हाला सर्वांत उपयोगी वाटणारं साधन म्हणजे माणूस हलला की लागणारा छोटा दिवा. पलंगाखाली, पडवीत, न्हाणीच्या वाटेवर. वीज गेल्यावरही लागेल असा बॅटरीवरचा घ्या. सोबत न्हाणीत धरायचा दांडा. चिऱ्याच्या भिंतीत स्क्रूचे साधे प्लग नीट पकडत नाहीत, भुगा होऊन निसटतात. लांब अँकर लागतात, आणि बसवल्यावर आमचा माणूस स्वतःचं पूर्ण वजन टाकून दाखवतो. रबरी चोषकांनी टाईलला चिकटणारे दांडे आम्ही विकत नाही. कोणी मागितले तरी नाही.

रक्तदाब आणि साखर

रक्तदाबाचं यंत्र दंडावरचं घ्या, मनगटावरचं नको. खरेदीआधी टेपने दंडाचा मधला घेर मोजा. बहुतेक यंत्रांबरोबरचा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटरचा असतो. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो, वाळलेल्या दंडाला मोठा लावला तर कमी. आकडा चुकला की गोळी चुकते. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीवर, बोलायचं नाही. चहानंतर अर्धा तास थांबायचं. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहायचे. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर या यंत्रांचे आकडे फसवे येऊ शकतात. डॉक्टरांना आधी विचारा. पहिल्या वेळी यंत्र दवाखान्यात नेऊन त्यांच्या यंत्राशी ताडून बघा.

ग्लुकोमीटर, म्हणजे बोट टोचून साखर मोजायचं यंत्र, स्वस्त असतो, खर्च रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्यांचा. तीच पट्टी फोंड्यात बाराही महिने मिळते का, हे मीटरच्या किमतीआधी विचारा. मान्य आंतरराष्ट्रीय मापदंडानुसार १०० किंवा त्याहून जास्त साखरेला पंधरा टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १८० आणि २०० यांत घाबरण्यासारखा फरक नाही. पावसाळ्यात पट्ट्यांची डबी उघडी राहिली तर दमट हवेने पट्ट्या बिघडतात. डबी घट्ट बंद, फ्रिजमध्ये नाही, आणि उघडल्याची तारीख डबीवर लिहून. बोट टोचण्याआधी हात साबणाने धुवून कोरडे करा. मे महिन्यात आंबा खाऊन तसंच मोजलं तर साखर आंब्याची दिसते!

बोट न टोचता साखर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या बाजारात दिसतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीरपणे बजावलं की असं एकही साधन त्यांनी मंजूर केलेलं नाही. त्या आकड्यावर इन्सुलिन घेणं जिवावर बेतेल. पट्टा न बांधता रक्तदाब दाखवणाऱ्या घड्याळावरूनही औषध बदलू नका.

कॅमेरा

मुलं कॅमेरा मागतात, आई-बाबा गप्प राहतात. त्या गप्प राहण्याला होकार समजू नका. आम्ही कॅमेरा लावायला गेलो की आधी त्यांनाच विचारतो, आणि ते नको म्हणाले तर परत येतो. झोपायच्या खोलीत आणि न्हाणीत लावत नाही. बाल्कांव (दारापुढची बैठक) किंवा पुढचं दार पुष्कळ झालं. पुष्कळदा कॅमेऱ्याची गरजही नसते: फ्रिजच्या दाराला उघडल्याचं कळवणारं छोटं साधन लावलं, तर पोदेर (पाववाला) येऊन गेला तरी फ्रिजचं दार उघडलं नाही हे मुलीला कळतं आणि ती फोन करते. हालचाल टिपणारी साधनं शरीराच्या उष्णतेवर चालतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात ती मंदावतात, आणि घरातलं मांजरही त्यांना माणूस वाटतं. कॅमेरा लावलाच तर कंपनीने दिलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर

हवेतून ऑक्सिजन वेगळा करून नळीने देणारं हे यंत्र डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तरच घ्या. पाच लिटरचं घरगुती यंत्र साधारण ३०० ते ४०० वॅट वीज घेतं, म्हणजे घरातला इन्व्हर्टर ते किती वेळ ओढेल हे मोजून घ्यायला हवं, आणि भरलेला सिलिंडर जवळ हवाच. यंत्र भिंतीपासून फूटभर दूर ठेवा, जाळी आठवड्याला धुवा. आणि समई, उदबत्ती, चूल, विडी यांपासून यंत्र आणि नळी लांब. ऑक्सिजनमध्ये ठिणगीचा भडका होतो. देवघर त्याच खोलीत असेल तर देव हलवायला सांगत नाही, आजोबांचा पलंग दुसऱ्या खोलीत हलवायला मदत करतो.

दुकानात येताना

दंडाचा घेर, चालू औषधांची यादी, राउटरचा आणि त्याच्या ॲडाप्टरचा मोबाईलवर काढलेला फोटो, आणि न्हाणी व पलंग यांच्यामधल्या वाटेचा फोटो आणा. शक्य असेल तर आई किंवा बाबांना घेऊन या. बटण त्यांच्या बोटांनी दाबलं जातं का, आकडे चष्म्याशिवाय दिसतात का, आवाज ऐकू येतो का, हे त्यांच्याशिवाय कळत नाही. वैद्यकीय यंत्राच्या खोक्यावर परवाना क्रमांक आहे ना ते बघा, पक्कं बिल मागा आणि वॉरंटी कार्डावर तारखेसह शिक्का घ्या, आमच्याकडूनही. कुठल्याही दुकानदाराने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी १९१५ वर आहे.

घंटा बसवल्यावर पहिला महिनाभर दर रविवारी ती वाजवून बघायची, नंतर महिन्यातून एकदा. पहिल्या पंधरा दिवसांत आई-बाबांना ती नकोशी झाली तर आम्ही परत घेतो. रविवारी दुकान बंद असतं. ज्यांच्याकडे आमचा कॉन्सन्ट्रेटर आहे, त्यांचा फोन मात्र रविवारीही उचलतो.