‘ग्रुप’ कशावरून ठरतो?

‘ग्रुप’ हा शब्द आपण आता मराठीच असल्यासारखा वापरतो. इंग्रजीत तो रुळला सतराव्या शतकाच्या अखेरीस, आणि तोही चित्र-शिल्पांची चर्चा करणाऱ्यांच्या तोंडी. इंग्रजीने तो फ्रेंचकडून घेतला, फ्रेंचने इटालियनकडून. इटालियन ‘ग्रुप्पो’ म्हणजे गाठ किंवा पुंजका. अनेक आकृत्या एकमेकींत अशा गुंफायच्या की डोळ्याला त्या मिळून एकच दिसाव्यात, तर तो ग्रुप. व्हॅटिकनमधलं ‘लाओकून’ हे संगमरवरी शिल्प, १५०६ साली रोममध्ये जमिनीखाली सापडलेलं, याचा उत्तम नमुना आहे. बाप, दोन मुलगे आणि तिघांना विळखा घातलेले साप. त्यातून एक आकृती काढली तर उरलेल्यांचे ताणलेले हातपाय निरर्थक वाटतील.

म्हणजे ‘जमलेली माणसं’ हा अर्थ मागाहून आला. आधी होती ती बांधून ठेवणारी गाठ. विज्ञानात हा शब्द वेगवेगळ्या दारांनी शिरला आणि प्रत्येक शास्त्राने ही गाठ कशाची, ते आपापल्या परीने ठरवलं. निसर्गात गट आयते आखलेले क्वचितच सापडतात. आपण कोणती कसोटी लावतो त्यावर ते पडतात, आणि कसोटी अपुरी असेल तर दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली जाऊन बसतात.

गणितात हा शब्द आणला एव्हारिस्त गाल्वा या फ्रेंच तरुणाने. १८३२ मध्ये द्वंद्वयुद्धात गोळी लागून तो गेला तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. त्याचं मुख्य लेखन छापून यायला १८४६ साल उजाडलं. त्याचा ग्रुप वस्तूंचा नाही, क्रियांचा. पुठ्ठ्याचा समभुज त्रिकोण कापून घ्या. तो उचलून पुन्हा त्याच जागी चपखल बसवण्याच्या रीती सहाच: तीन फिरवण्याच्या (त्यांत ‘जसाच्या तसा ठेवणं’ ही एक) आणि तीन उलटवण्याच्या. यांतल्या कोणत्याही दोन एकापाठोपाठ करा, जे मिळेल तेही या सहांपैकीच एक असतं. बाहेरचं काही लागत नाही, आतलं काही बाहेर सांडत नाही. पाचव्या घाताच्या समीकरणाला सरसकट चालणारं सूत्र का नाही, हे गाल्वाने याच कल्पनेतून उलगडलं. स्फटिकातली अणूंची मांडणी सममितीच्या २३० प्रकारांतच बसते, हे १८९१ मध्ये सिद्ध झालं तेही याच वाटेने.

रसायनशास्त्रात ग्रुप म्हणजे आवर्तसारणीचा उभा स्तंभ. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला ‘गण’ म्हणतात. तिथली कसोटी बाहेरच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांची. लिथियम, सोडियम, पोटॅशियम यांच्याकडे तो एकेकच, म्हणून तिघंही पाण्याशी झटापट करतात. हायड्रोजनकडेही एकच इलेक्ट्रॉन, म्हणून त्याला पहिल्या गणात बसवलं जातं. एरवी तो वायू, त्या धातूंशी त्याचं फारसं काही जुळत नाही.

पण कसोटीचा प्रश्न जिवावर बेततो तो रक्तगटात. व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी स्वतःचं आणि सहकाऱ्यांचं रक्त घेतलं, एकाचा सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) दुसऱ्याच्या तांबड्या पेशींत मिसळून पाहिला आणि १९०१ मध्ये निष्कर्ष छापला. काही जोड्यांत पेशी एकमेकींना चिकटून गोळा होत, काहींत होत नसत. त्यावरून त्यांनी ए, बी आणि सी असे गट पाडले. सी म्हणजेच आजचा ओ. एबी हा चौथा गट त्यांच्या सहकाऱ्यांना १९०२ मध्ये सापडला. लँडस्टायनर यांना नोबेल मिळालं १९३० साली.

आजही तपासणी मुळात तीच. काचपट्टीवर रक्ताचे थेंब ठेवतात. एकात निळं अँटी-ए (ए ओळखून त्याला चिकटणारं द्रावण), दुसऱ्यात पिवळं अँटी-बी टाकून काडीने हलवतात. जिथे त्या द्रावणाला जुळणारा प्रतिजन, म्हणजे पेशीवरची ओळखखूण, असतो तिथे थोड्याच वेळात लाल दाणे धरतात. एकातही दाणे धरले नाहीत तर गट ओ.

नीट पाहिलं तर ओ हा गट ‘काहीच घडलं नाही’ यावर उभा आहे. अडचण इथेच आहे, कारण काही न घडण्याची कारणं दोन असू शकतात.

तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाजवळ फ्युकोज नावाची साखर जोडली गेली की एच प्रतिजन तयार होतो. ए गटाच्या माणसात या एचवर आणखी एक साखर चढते, बी गटाच्या माणसात वेगळी. ओ गटात काहीच चढत नाही, एच उघडाच राहतो. आता फ्युकोज जोडणारं विकर (एन्झाइम) च नसेल तर? तर एच नाही, आणि एच नाही म्हणून ए-बीला चढायला पायाही नाही. अशा माणसाला आईवडिलांकडून ए किंवा बीचं जनुक मिळालेलं असलं तरी काचपट्टीवर तो ओ दिसतो.

अशी माणसं पहिल्यांदा ओळखली गेली मुंबईत. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध केला, आणि जगभर त्याला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हे नाव पडलं. भारतात साधारण दहा हजारांत एक असं त्याचं प्रमाण सांगितलं जातं. युरोपात तो फारच दुर्मीळ. शहराच्या नावाने ओळखली जाणारी ही वैज्ञानिक नोंद मुंबईकरांना शाळेपासून माहीत असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

या माणसांच्या रक्तद्रवात ए आणि बीविरुद्ध प्रतिपिंडं (परक्या प्रतिजनाला चिकटणारी प्रथिनं) असतातच, शिवाय एचविरुद्धही असतात. ओ गटाच्या पेशींवर तर एच सर्वांत जास्त! त्यामुळे एरवी ‘सर्वांना चालणारं’ म्हणून नावाजलेलं ओ रक्त यांना दिलं तर पेशी फुटतात आणि जीव धोक्यात येतो. त्यांना बॉम्बे गटाचंच रक्त लागतं.

चूक टाळायची तर उलट तपासणी करावी लागते: रुग्णाचा सीरम घेऊन तो माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशींत मिसळायचा. खऱ्या ओ माणसाचा सीरम ओ पेशींना हात लावत नाही. बॉम्बे गटाचा सीरम त्यांचे दाणे करतो. सगळा फरक त्या ओ पेशींच्या नळीत दिसतो, म्हणून घाई कितीही असली तरी ती नळी वगळता कामा नये. मग अँटी-एच लावून खात्री करून घेतात. रुग्ण बॉम्बे गटाचा निघाला की दात्याचा शोध आधी सख्ख्या भावंडांत घ्यायचा. हे लक्षण अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही ते जनुक आलं तरच दिसतं. आईवडील दोघंही नुसते वाहक असतील, तर प्रत्येक भावंड त्याच गटाचं असण्याची शक्यता चारात एक.