काकुळती

काकुळती (स्त्रीलिंगी नाम, काकुळत, काकळूत अशीही रूपे आढळतात). विनवणी करणाऱ्याचा कासावीस स्वर हा या शब्दाचा एक अर्थ. तो स्वर ऐकून मनात दाटणारी कणव हा दुसरा. आजच्या मराठीत पहिला अर्थच मुख्यत्वे चालतो. दुसरा गोव्याच्या कोकणीने जिवंत ठेवला आहे. घरी कोकणी बोलणाऱ्या आणि वर्तमानपत्र, कीर्तन, भजन यांसाठी मराठीकडे वळणाऱ्या गोमंतकीयाच्या कानांवर हे दोन्ही अर्थ पडत असतात.

या शब्दाचा संबंध सामान्यतः संस्कृत ‘काकु’शी जोडला जातो. शोक, भीती अशा भावनांनी आवाजात होणारा बदल म्हणजे काकु, अशी अमरकोशाची व्याख्या आहे. काव्यशास्त्रातही केवळ स्वरामुळे वाक्याचा अर्थ पालटतो, तेव्हा काकूचाच उल्लेख होतो. म्हणजे मुळात हा मनाचा नव्हे, गळ्याचा शब्द. मराठीने तो गळ्यातच ठेवला: माणूस ‘काकुळतीला येतो’, ‘काकुळतीने’ बोलतो. कर्ता नेहमी दुःखात असलेला. समोरच्याला पाझर फुटला की नाही, हे मराठी काकुळती सांगत नाही.

कोकणीत काकळूट, काकुळट किंवा नुसते काकूट म्हणतात. उच्चार बोलीगणिक बदलतो. ‘म्हाका ताची काकूट दिसता’ या वाक्यात ज्याच्यावर संकट आले तो षष्ठीत गेला आहे आणि कणव ज्याला वाटते तो पुढे आला आहे. शिवाय काकूट ‘करता’ही येते. एवढ्या फरकाने शब्द भावनेवरून वागणुकीपर्यंत पोचतो, आणि माझ्या मते त्याची खरी श्रीमंती इथेच आहे.

कॅथलिक गोमंतकीयांच्या प्रार्थनांमुळे हा शब्द घरोघर पोचला. ‘साल्वे रेजीना’ या लॅटिन प्रार्थनेत मरियेला करुणेची माता म्हटले आहे. कोकणी रूपात त्या करुणेसाठी काकळूटच येते. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लोकभाषांत होऊ लागली, तेव्हा ‘प्रभो, दया कर’ या अर्थाच्या विनवणीतही हाच शब्द बसला. त्याच्या मागे उभा असलेला लॅटिन शब्द ‘मिझेरिकॉर्दिया’. त्यात दुःखी आणि हृदय या अर्थांची दोन पदे आहेत.

त्याच नावाची धर्मादाय संस्था, सांता काझा द मिझेरिकॉर्दिया, लिस्बनमध्ये १४९८ साली राणी लियोनोरच्या आश्रयाने स्थापन झाली आणि सोळाव्या शतकात गोव्यातही आली. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची शुश्रूषा, कैद्याची विचारपूस, मृताचे दफन अशी दयेची चौदा कृत्ये ती आपले कर्तव्य मानत असे. सात देहाची, सात आत्म्याची. अनाथ मुलींच्या लग्नासाठी हुंड्याची तरतूद करणे हेही तिच्या कामांपैकी एक. दया म्हणजे काय, याची इतकी रोकडी यादी क्वचितच कुठे सापडते.

पण त्याच गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधली काही वर्षे वगळता, इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मद्रोहाचा तपास करणारे, न्यायासन होते. देहदंडास पात्र ठरवलेल्या माणसाला ते स्वतः मारत नसे. राजसत्तेच्या हवाली करी. हवाली करताना निकालपत्रात विनंती असे, की याच्याशी दयेने वागावे, रक्त सांडू नये. ती एक ठरीव शब्दावली होती; पुढे जाळले जाणार हे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ठाऊक असे. करुणेच्या शब्दांची याहून मोठी विटंबना गोव्याच्या इतिहासात मला दिसत नाही, आणि या नोंदीत ती गाळणे योग्य नव्हे.

प्राण्यांच्या बाबतीत दोन्ही भाषांतला फरक ठळक होतो. बैल विनवण्या करत नाही, म्हणून मराठी काकुळती त्याला सहसा लावत नाहीत. कोकणीत मात्र त्याची काकूट येऊ शकते, कारण ती पाहणाऱ्याची असते. बैलांच्या झुंजी, म्हणजे धिरयो, दक्षिण गोव्यात विशेष लोकप्रिय. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १९९६ मध्ये, १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याचा आधार घेऊन, त्यांवर बंदी घातली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे. तिथला मराठी शब्द ‘दयाबुद्धी’. सरकारी नोकरीत मृत कर्मचाऱ्याच्या वारसाला घेतात ते ‘अनुकंपा तत्त्वावर’. काकुळती सरकारी कागदांत फारशी शिरली नाही.

कोकणीतून मराठीत भाषांतर करताना काकूट या शब्दापाशी हमखास अडखळायला होते. ‘दया’ वरून खाली येते. ‘कींव’ला आता तुच्छतेचा वास लागला आहे. ‘काकुळती’ लिहिले तर वाक्य उलटे फिरते: ज्याला कणव आली, तोच हात जोडून उभा राहिल्यासारखा वाटतो. ‘कणव’ सर्वांत जवळचा; मात्र कणव करता येत नाही, ती यावी लागते. ‘काकूट कर’ या दोन शब्दांसाठी मराठीत निदान चार खर्ची पडतात: ‘माझी कणव येऊ दे’.