गव्हाण, गभाण, गोठा: नाताळच्या देखाव्यामागचा घोळ

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की बडोद्यातल्या मराठी ख्रिस्ती घरांत माळ्यावरून येशूजन्माच्या देखाव्याचा एक खोका खाली येतो. खोक्यावर काय लिहिलंय ते वाचलं की ते घर मूळचं कुठलं हे साधारण कळतं. रेल्वेच्या नोकरीपायी वसईहून वर सरकलेल्यांच्या खोक्यावर 'गोठा' असतो. नगरकडून आलेल्यांकडे मुळात खोका असलाच तर त्यावर 'गव्हाण'. कॉन्व्हेंटात शिकलेल्या पिढीने 'क्रिब' लिहिलेलं असतं. शेजारचं गुजराती कुटुंब 'गभाण' म्हणतं, आणि हिंदी मिस्सेला (कॅथलिक उपासनेला) गेलात तर कानावर 'चरनी' पडतं. आमच्या खोक्यावर आईच्या अक्षरात 'गोठा' आहे. त्यावर निळ्या पेनाची एक रेघ आणि खाली आजीच्या अक्षरात 'गव्हाण'. आई वसईची कॅथलिक, आजी नगरची प्रॉटेस्टंट. ती रेघ कधी मारली गेली हे कुणीच विचारलं नाही.

हा नुसता बोलीचा फरक असता तर सोडून देता आला असता. पण शब्द बदलला की बांधायची वस्तूच बदलते. गोठा म्हटला की छप्पर, खांब, कुडाची भिंत सगळं आलं. गव्हाणीला यातलं काहीच लागत नाही. वैरण टाकायची खोलगट जागा एवढीच ती.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूचरित्राच्या, दुसऱ्या अध्यायात गव्हाण तीनदा येते: बाळाला ठेवलं तेव्हा, देवदूताने मेंढपाळांना खूण सांगितली तेव्हा, आणि ते शोधत पोचले तेव्हा. गोठा एकदाही येत नाही. बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, 'कारण त्यांना उतारशाळेत जागा नव्हती', एवढ्यावर लूक थांबतो. पुढचं बांधकाम वाचणाऱ्यांनी केलं. गव्हाण आहे म्हणजे जनावरं असणार, जनावरं आहेत म्हणजे गोठा असणार. बैल आणि गाढवसुद्धा शुभवर्तमानात नाहीत. ते जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून आले, जिथे बैल आपल्या धन्याला आणि गाढव धन्याच्या गव्हाणीला ओळखतं.

गोठावाल्यांच्या बाजूनेही एक पुरावा आहे, तो सांगायला हवा. गव्हाणीसाठी मूळ ग्रीक शब्द 'फात्ने'. लूकच्याच तेराव्या अध्यायात शब्बाथाच्या (यहुदी विश्रांतीच्या) दिवशी बैल किंवा गाढव सोडून पाण्यावर नेण्याचं उदाहरण आहे, तिथेही हाच शब्द आहे, आणि तिथे त्याचा अर्थ जनावर बांधायची जागा असाही लागतो. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, 'मग मी काय वेगळं सांगत होते?'

पण खरी गुंतागुंत 'उतारशाळा' या शब्दात आहे. तिथे ग्रीकात 'कातालुमा' आहे. शेवटच्या भोजनासाठी येशू जी खोली विचारायला लावतो तिच्यासाठीही लूकने हाच शब्द वापरलाय. उलट चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात पैसे मोजून मुक्काम करायची सराई येते, तिला त्याने निराळा शब्द योजला, 'पांदोखेऑन'. त्यामुळे बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं असं की बेथलेहेमात भरलेली होती ती नातलगाच्या घरातली पाहुण्यांची खोली. मग बाळंतीण त्याच घराच्या मुख्य खोलीत राहिली असणार. तिथे रात्री जनावरंही आत घेत, आणि माणसांच्या जमिनीच्या कडेला गव्हाणी असत. दुसरा शुभवर्तमानकार मत्तयही त्यांच्या बाजूने साक्ष देतो: ताऱ्यामागून आलेले मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, 'घरात' जाऊन बाळाला पाहतात.

गोठा म्हणजे आवारातलं वेगळं बांधकाम असं मानणाऱ्याला हे चित्र पटायला वेळ लागतो. देशावरचं जुनं घर आठवणाऱ्याला ते चटकन दिसतं. पुढच्या सोप्यात एका अंगाला बैलजोडी, दुसऱ्या अंगाला घोंगडीवर माणसं, मधे वीतभर चढ. आजी असल्या घरात वाढली होती. देखाव्यातली कुडकुडणारी मरिया पाहून ती म्हणायची, 'गाय जवळ असली की थंडी कसली वाजते?' माझं माप तिच्या बाजूने झुकतं हे इथे लपवत नाही. शिवाय मराठी गव्हाण आणि गुजराती गभाण शेजारी ठेवून उच्चारा, बहिणी वाटतात. बडोद्यात राहून हा शब्द टाकून 'क्रिब' म्हणणं मला करंटेपणाच वाटतं.

तिसरी बाजू गुहेची. बेथलेहेमात गुहेत जन्म झाला ही परंपरा दुसऱ्या शतकापासून लिखित आहे, आणि चौथ्या शतकात उभं राहिलेलं तिथलं चर्च गुहेवरच आहे. खाकी कागद चुरगळून, त्यावर रंगाचे फटकारे मारून घरोघर जो डोंगर करतात, त्याची वंशावळ ही.

आजीचा दुसरा आक्षेप मूर्तींवर होता. नगरला १८३१ पासून अमेरिकन मिशन होतं, आणि त्या वळणाच्या घरांत दहा आज्ञांतली कोरीव मूर्तीची मनाई फार गांभीर्याने घेत. तारा चालेल, गाणी चालतील, पेंढ्याची रिकामी गव्हाणसुद्धा चालेल, पण बाहुल्या नकोत. आईला रिकामी गव्हाण अपशकुनी वाटायची.

गंमत अशी की ज्या प्रसंगाला या प्रथेची सुरुवात मानतात, तिथे आजीचंच म्हणणं चाललं होतं. १२२३ च्या नाताळात इटलीतल्या ग्रेचो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने जो देखावा मांडला, त्यात पेंढ्याने भरलेली गव्हाण, एक खरा बैल आणि एक खरं गाढव होतं. पाच-सहा वर्षांतच लिहिल्या गेलेल्या त्याच्या चरित्रात मरिया-योसेफाच्या मूर्तींचा उल्लेख नाही. गव्हाणीवर मिस्सा झाली, फ्रान्सिसने शुभवर्तमान गाऊन वाचलं. तो पेंढा नंतर जपून ठेवला आणि तो खाऊन आजारी गुरं बरी झाली, असंही चरित्रकार लिहितो.

मूर्ती त्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये दिसतात. अठराव्या शतकात नेपल्सने देखाव्यात अख्खा बाजार भरवला, भाजीवाल्यापासून खाणावळवाल्यापर्यंत. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चं बंद पडली तेव्हा प्रोव्हान्समध्ये मातीच्या छोट्या मूर्ती घरात शिरल्या.

बडोद्याला १९६६ मध्ये स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला. त्याआधी कारभार मुंबईच्या धर्मप्रांताकडे होता, त्यामुळे इथल्या देखाव्याचं वळण बरंचसं मुंबई-वसईचं. मराठी घरांनी त्यात आपली भर घातली ती दिवाळीच्या किल्ल्याची. किल्ला मोडला तरी चित्रं फेकायची नसतात. आमची पाणी भरणारी बाई बेथलेहेमच्या विहिरीवर गेली, आणि भाला मोडलेला एक मावळा, हातात काडी खोचून, मेंढपाळ झाला. त्याची मिशी तशीच राहिली. किल्ल्यावर पेरतात तसे अळीव गव्हाणीभोवती पेरायचे, आठवड्यात कुरण उगवतं. आकाशकंदिलातला बल्ब काढून ताऱ्यात लावायचा.

नव्वदच्या दशकात घरगुती देखाव्यांच्या स्पर्धा बोकाळल्या. बाळ येशूला २४ तारखेच्या मध्यरात्री ठेवायचं, तोवर गव्हाण रिकामी, असं आमच्याकडे कटाक्षाने पाळत (यावर तरी आई आणि आजीचं एकमत होतं). परीक्षक मंडळी आली २३ ला. त्यांनी कागदावर शेरा मारला: 'मुख्य मूर्ती नाही, देखावा अपूर्ण'. पुढच्या वर्षी बाबांनी बाळाला आधीच ठेवून वर हातरुमाल पांघरला. त्या वर्षी शेरा होता, 'मूर्ती झाकलेली'. पहिलं बक्षीस पाणचक्कीवाल्या देखाव्याला गेलं. बेथलेहेमात पाणचक्की कुठून आली, हे कुणी विचारलं नाही.

त्याच सुमारास पांढरा थर्मोकोल आणि कापसाचं बर्फ शिरलं, तेही डिसेंबरात दुपारी पंखा लागणाऱ्या गावात. १९८२ पासून व्हॅटिकनच्या चौकात मोठा देखावा होऊ लागला होता, आणि पुढे टीव्हीवर तो पाहून घरच्या देखाव्यांनाही उंची आणि दिवे चढले. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ग्रेचोलाच जाऊन या प्रथेवर पत्र काढलं. मांडणी कशी आहे याला महत्त्व नाही, दरवर्षी तीच असो की बदलती, असं त्यात आहे. आमच्या गावच्या गुणपत्रिकेत मात्र मांडणीचा रकाना अजून पहिला आहे.

तीन राजे, म्हणजे तेच मागी, आमच्याकडे फ्रिजवरून निघतात. मत्तयाने त्यांची संख्या दिलेली नाही. सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून लोकांनी तीन राजे धरले. रोज वीतभर पुढे सरकत ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गव्हाणीशी पोचतात. त्यानंतर देखावा फार दिवस टिकत नाही, कारण उत्तरायण येतं आणि मुलांना फिरकी-मांजा ठेवायला तोच कोपरा हवा असतो.

मोडल्यावरचा पेंढा आजी पिशवीत भरून ठेवायची आणि उत्तरायणाला, सगळं बडोदं गाईंना चारा घालतं त्या दिवशी, कोपऱ्यावरच्या गाईपुढे टाकायची. ग्रेचोची गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. आता बाजारात नाताळचा पेंढा प्लॅस्टिकच्या पिशवीत, चमकी लावून मिळतो. मागच्या वर्षी तो गाईपुढे नेला तेव्हा गवळ्याने हात आडवा धरला.