नशेच्या गुन्ह्यात तुरुंगाऐवजी उपचार : कलम ६४-अ चा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

घरातल्या मुलाला गांजाच्या किंवा एमडी या रासायनिक नशेच्या पुडीसह पोलिसांनी उचललं की कोकणात पहिला फोन जातो गावातल्या पुढाऱ्याला, दुसरा मुंबईतल्या भावाला. वकिलाची आठवण होते तोवर रिमांड होऊन गेलेला असतो, आणि डॉक्टरची आठवण बहुतेकांना होतच नाही. पण मुलगा खरोखर व्यसनी असेल आणि माल थोडा असेल, तर या प्रकरणात सगळ्यात उपयोगाचा माणूस डॉक्टरच आहे. कारण गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, म्हणजे ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, त्याचं कलम ६४-अ सांगतं : व्यसनी आरोपीने स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले, तर त्याच्यावर खटला चालवता येत नाही.

आधी एक गैरसमज काढू. अमेरिकेत सिएटल शहरात २०११ पासून अशी पद्धत आहे, की प्रकरण कोर्टात जाण्याआधीच पोलीस त्या माणसाला समाजसेवकाच्या हवाली करू शकतात. आपल्याकडे ठाणे अंमलदाराला असा अधिकार नाही. गुन्हा नोंदला की तो कोर्टातच मिटतो. त्यामुळे ‘साहेबांशी बोलतो, केस व्यसनमुक्तीत वळवून देतो’ म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर त्याला सरळ वाटेला लावा. पोलीस उपचाराचा रस्ता दाखवू शकतात, रुग्णालयात पोचवू शकतात, तुमच्या अर्जावर कोर्टात अनुकूल म्हणणं देऊ शकतात. खटल्यातून सुटण्याची मुभा मात्र न्यायाधीश देतात, आणि ती कागद बघून देतात.

कोण पात्र, कोण नाही

दोन अटी एकदम पूर्ण व्हाव्या लागतात. पहिली, आरोप कलम २७ चा, म्हणजे सेवनाचा असावा, किंवा ‘अल्प प्रमाणा’तल्या मालाचा असावा. अल्प प्रमाण पदार्थागणिक वेगळं आहे : गांजा १ किलोपर्यंत, चरस १०० ग्रॅम, हेरॉइन ५ ग्रॅम, कोकेन २ ग्रॅम आणि एमडी म्हणजे मेफेड्रोनही २ ग्रॅम. गांजाचा किलो ऐकून निर्धास्त होणारे एमडीच्या दोन ग्रॅमला फसतात. सेवनाला शिक्षा पदार्थाप्रमाणे सहा महिन्यांपर्यंत किंवा एक वर्षापर्यंत, अल्प प्रमाण बाळगण्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी; दोन्हीत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

दुसरी अट, आरोपी व्यसनी असावा. कायद्याच्या व्याख्येत व्यसनी म्हणजे त्या पदार्थावर अवलंबून असलेला माणूस. थर्टी फर्स्टला किनाऱ्यावरच्या पार्टीत मित्राने दिली म्हणून एकदा ओढली, तो व्यसनी ठरत नाही. त्याला हे कलम लागू पडणं कठीण. त्याने वकिलाकडून दुसरा मार्ग बघावा. व्यसनी असल्याचं दाखवण्याचं ओझं आरोपीवर येतं, आणि ते तोंडाने नाही तर वैद्यकीय कागदाने दाखवायचं असतं.

विक्री, व्यावसायिक प्रमाण, पैसा पुरवणं यात ६४-अ चं नाव काढू नका. हे किनारपट्टीवर मुद्दाम सांगायला हवं. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोली, श्रीवर्धनच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटं वाहून आली होती आणि एकेका पाकिटाचं वजन किलोच्या आसपास होतं. चरस १ किलोच्या वर गेला की ते व्यावसायिक प्रमाण, आणि त्याची शिक्षा किमान दहा वर्षांची. वाळूत सापडलेलं पाकीट घरी नेणारा कितीही व्यसनी असला तरी ही मुभा त्याच्यासाठी नाही. पाकीट दिसलं तर हात लावू नका, ११२ ला कळवा.

पहिले चोवीस तास

अटक झाल्यावर वैद्यकीय तपासणी होतेच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे ती करावीच लागते. ग्रामीण रुग्णालयात पोलीस बाहेर उभे, डॉक्टर घाईत, छापील कागद भरायला घेतलेला, आणि मुलगा मान खाली घालून ‘काही त्रास नाही’ म्हणतो. इथेच घोटाळा होतो. काय घेतो, किती वर्षं घेतो, शेवटचं कधी घेतलं, न मिळाल्यास अंगात काय होतं, हे त्याने डॉक्टरला सांगावं आणि कागदावर लिहून घ्यायला लावावं. सहा महिन्यांनी कोर्टात सरकारी वकील म्हणतात, ‘पकडल्यावर सुचलेलं व्यसन आहे’. तेव्हा अटकेच्या दिवशीची ती एक ओळ कामाला येते.

गर्द किंवा ब्राउन शुगर सुटली की अंग मोडतं, पोटात पिळे येतात, नाका-डोळ्यांतून पाणी वाहतं. रोज दारू पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जातो. कोठडीतल्या माणसाला असं काही दिसलं तर तपासी अंमलदाराला लगेच सांगा, आणि रिमांडच्या वेळी मॅजिस्ट्रेटसमोरही सांगा. नाटक समजून बसू नका.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मिळतो. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टातही विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, फोन १५१००.

दवाखाना कोणता

कलमाचे शब्द आहेत : शासनाने किंवा स्थानिक प्राधिकरणाने चालवलेलं वा मान्यता दिलेलं रुग्णालय किंवा संस्था. अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता इथे सगळ्यात जास्त. महामार्गावर ‘शंभर टक्के व्यसनमुक्ती’ अशी पाटी लावलेलं केंद्र महिन्याला भरपूर पैसे घेईल, पण मान्यतेचा कागद नसेल तर त्याचा दाखला कोर्टात चालत नाही. पैसे भरण्याआधी मान्यतापत्राची प्रत मागा आणि त्यावरची मुदत वाचा. प्रत द्यायला का-कू करणारं केंद्र तिथेच सोडा. जिथे साखळीने बांधतात, मारतात, तिथे तर पाऊलच नको. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये साखळीने बांधायला सक्त मनाई आहे.

सरकारी ठिकाण घेतलं की मान्यतेचा प्रश्नच येत नाही. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय, अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोसच्या जिल्हा पातळीवरच्या सरकारी रुग्णालयांतले मानसोपचार विभाग, ही नावं आधी धरा. पनवेल-कर्जतच्या लोकांना ठाणं किंवा मुंबई जवळ. सावंतवाडी-दोडामार्गचे लोक गोव्यातल्या बांबोळीला जातात; तेही रुग्णालय सरकारीच, पण प्रत्येक तारखेला अहवाल आणायचा तर राज्य ओलांडून फेरी पडते हे धरून चाला. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांची माहिती १४४४६ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर आणि जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात मिळते.

भरती होताना एक काळजी घ्या. कायद्यात ‘स्वतःहून’ असं आहे. भाऊबंदांनी गाडीत कोंबून नेलं तर सरकारी वकिलाला आयता मुद्दा मिळतो. म्हणून रुग्णाने स्वतःच्या हाताने, साध्या मराठीत, दोन ओळी लिहून सही करावी की ‘मी माझ्या इच्छेने उपचारासाठी दाखल होत आहे’, आणि तो कागद केसपेपरला लावायला सांगावा.

अर्ज आणि कागद

याला छापील फॉर्म नसतो. वकील साध्या कागदावर अर्ज टाइप करतात. सेवन आणि अल्प प्रमाणाचे खटले साधारणपणे तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर असतात, तिथेच तो द्यायचा. मजकूर असा काहीसा : ‘अर्जदार हा अमुक पदार्थाचा व्यसनी असून गुन्हा रजिस्टर नंबर अमुकमध्ये त्याच्यावर कलम २७ चा आरोप आहे. अर्जदार अमुक तारखेपासून अमुक शासकीय रुग्णालयात स्वेच्छेने उपचार घेत आहे. उपचार पूर्ण करण्याची तो हमी देतो. सबब कलम ६४-अ अन्वये त्यास खटल्यापासून मुभा मिळावी.’

सोबत एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत, आधार, अटकेच्या वेळच्या तपासणीचा कागद, भरतीचा दाखला, केसपेपरच्या प्रती, लघवी तपासणीचे अहवाल, डिस्चार्ज कार्ड, नंतरच्या ओपीडीच्या नोंदी, खासगी केंद्र असल्यास मान्यतापत्र, आणि रुग्णाचं प्रतिज्ञापत्र. रासायनिक विश्लेषणाचा म्हणजे सीए रिपोर्ट आला असेल तर तोही, कारण माल नक्की कोणता आणि किती हे त्यावरच ठरतं. प्रत्येक कागदावर रुग्णालयाचा शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना ते बघा.

जामीन मिळताना पोलीस ठाण्यात आठवड्याची हजेरी लावायची अट पडते. भरती झालेला माणूस हजेरी कशी लावणार? म्हणून भरतीआधीच ती अट शिथिल करून घ्या. जामीनदाराचं दुखणं कोकणात वेगळंच : सातबारा असतो, पण त्यावर पणजोबांपासूनची वीस नावं. कोर्ट असा सामाईक उतारा घ्यायला कचरतं. घरपट्टीची पावती आणि तहसीलदारांचं ऐपत प्रमाणपत्र आधीच काढून ठेवलेलं बरं.

ही मुभा सशर्त आहे. उपचार अर्धवट सोडले तर ती काढून घेता येते. डिटॉक्सचे, म्हणजे अंगातली नशा उतरवण्याचे, आठ-पंधरा दिवस म्हणजे पूर्ण उपचार नव्हेत. पुढे समुपदेशन, औषधं, पाठपुरावा असतो. पूर्ण म्हणजे किती, हे डॉक्टरांकडून सुरुवातीलाच लेखी घ्या. आणि गणपती! चतुर्थी जवळ आली की वॉर्डातला प्रत्येक कोकणी माणूस ‘दोन दिवस घरी जाऊन येतो’ म्हणून मागे लागतो. डॉक्टरांचा सल्ला डावलून गेलात तर कागदावर ‘डामा’ असा शेरा पडतो, आणि तोच कोर्टात उपचार सोडल्याचा पुरावा होतो. जायचंच असेल तर डॉक्टरांकडून लेखी रजा घ्या. बोटीवरच्या खलाशांनी रुग्णालयात दाखल होण्यासाठी १ जून ते ३१ जुलैचा मासेमारी बंदीचा काळ गाठावा. बोट वर ओढलेली असते, रोजगार बुडत नाही, नाखवाही अडवत नाही. अर्थात कोर्टाच्या तारखा तोवर थांबणार असतील तरच.

अर्ज लवकर करा. २००१ मध्ये कोकेन प्रकरणात पकडल्या गेलेल्या एका हिंदी अभिनेत्याला मुंबईच्या न्यायालयाने ही मुभा दिली ती २०१२ मध्ये. तोवर तो आरोपीच होता.

अर्ज फेटाळला आणि दोष सिद्ध झाला, तरी कलम ३९ उरतं. त्यात न्यायाधीश लगेच शिक्षा न सुनावता, आरोपीच्या संमतीने आणि बंधपत्रावर, त्याला उपचारासाठी सोडू शकतात. उपचाराचा अहवाल जास्तीत जास्त एका वर्षात कोर्टात द्यावा लागतो. तो चांगला असेल तर समज देऊन, तीन वर्षांपर्यंतच्या बंधपत्रावर सुटका होते.

गुन्हा नोंदलेलाच नसेल तर

मग कोर्टाची गरजच नाही. थेट रुग्णालयात जा. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. दारूच्या व्यसनाला एनडीपीएस लागू नाही, त्यामुळे ६४-अ पण नाही. त्यांच्यासाठीही हाच रस्ता. नशेत भान हरपून भटकणारा, स्वतःला वा दुसऱ्याला इजा करील असा माणूस दिसला तर २०१७ च्या कायद्याच्या कलम १०० खाली पोलीस त्याला ताब्यात घेऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात नेऊ शकतात. त्याला कोठडीत ठेवायला मनाई आहे. हवालदाराला हे कलम माहीत नसेल तर नम्रपणे दाखवा.

मुलगा अठराच्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं आणि मंडळच त्याला उपचाराला पाठवू शकतं. मदतीला १०९८.

कोर्टाचा आदेश झाला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. प्रमाणित प्रत हातात आल्यावर एक झेरॉक्स पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या, कारण ठाण्याच्या नोंदीत गुन्हा प्रलंबित दिसत राहिला तर पासपोर्टची पडताळणी अडते. जहाजावर किंवा आखातात जायच्या तयारीत असलेल्या पोरांची ती अडू नये एवढं बघा.