दारात उभं राहून घर मोजता येत नाही

गेल्या वर्षी आम्ही सिंहगड रोडचा वन बीएचके सोडून वाकडला शिफ्ट झालो, तेही पितृपक्षात. घरच्यांनी बरीच किरकिर केली, पण टेम्पो लगेच मिळत होता, आणि चंद्र कुठल्या पंधरवड्यात आहे याचा लोणच्याची बरणी फुटण्याशी काय संबंध? असो. विषय कोटेशनचा आहे. पूर्वी पॅकर्सचा माणूस वही घेऊन यायचा, यावेळी त्यांनी एक ॲप दिलं, म्हणे व्हिडिओ काढा, एआय सामान मोजेल. मी हॉलच्या दारात उभा राहून मोबाईल गर्रकन फिरवला, बेडरूममध्येही तेच. आलेला आकडा बघून वाटलं हे लोक शेजाऱ्यांचंही सामान नेतायत.

आधी चिडलो, मग वाचायला बसलो, तेव्हा कळलं की निम्मी चूक माझीच होती.

हा फ्रिज, हा सोफा हे ओळखणं आता सोपं झालंय, लाखो फोटो दाखवून प्रोग्रॅम तयार केलेला असतो. बरेच प्रोग्रॅम पुढे नुसतं कोष्टक बघतात, तीन सीटर सोफा म्हणजे इतके घनफूट, संपला विषय. खरी गंमत प्रत्यक्ष माप काढण्यात आहे. फोटोत खोली चपटी होते, त्यामुळे भातुकलीतलं कपाट जवळून आणि खरं कपाट लांबून, दोन्हींचा फोटो सारखाच येऊ शकतो. मग जवळचं-लांबचं कळणार कसं? तर एसटीच्या खिडकीतून दिसतं तसं. जवळची झाडं सर्रकन मागे जातात आणि डोंगर जागचा हलत नाही. मोबाईल हलला की जवळच्या वस्तू चित्रात जास्त सरकतात, लांबच्या कमी, आणि त्या सरकण्यावरून प्रत्येक कोपऱ्याचं अंतर काढता येतं. पण त्यासाठी मोबाईल जागेवरून हलायला हवा! एकाच जागी उभं राहून नुसता गोल फिरवला तर जवळचं आणि लांबचं सगळं सारखंच फिरतं, अंतराची माहिती शून्य. मी नेमकं तेच केलं होतं.

बरं, चाललो असतो तरी एक घोळ उरतोच. समजा सगळं घर दुप्पट मोठं केलं आणि माझं चालणंही दुप्पट केलं, तर व्हिडिओ अगदी तोच येईल. म्हणजे कॅमेऱ्याला घराचा आकार कळतो, पण फुटात किती ते कळत नाही. ही फूटपट्टी येते फोनमधल्या ॲक्सेलरोमीटरमधून. सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो, फोनला झटका बसला की तो किंचित मागे राहतो, त्यावरून त्वरण मिळतं, त्वरणावरून वेग आणि वेगावरून अंतर. शाळेतलं अर्धा ए टी वर्ग आठवा. पण हा गडी एकट्याने फार वाहवत जातो. त्याच्या मापात गुरुत्वाकर्षणाचे ९.८ मिसळलेले असतात, ते वजा करायला फोन किती तिरका आहे ते माहीत पाहिजे, आणि त्यात फक्त १ अंशाची चूक झाली तर ०.१७ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं खोटं त्वरण उरतं, जे १० सेकंदांत साडेआठ मीटर होतं, म्हणजे उभ्या जागी तुम्ही हॉलमधून शेजाऱ्याच्या किचनमध्ये! मग ही चूक कॅमेरा आवरतो आणि कॅमेऱ्याला फूटपट्टी ॲक्सेलरोमीटर पुरवतो. आपल्याकडचा अंध-पंगू न्याय, आंधळ्याच्या खांद्यावर लंगडा, दुसरं काही नाही. फोनला जागेचा अंदाज देणारी सॉफ्टवेअर, म्हणजे ॲपलचं २०१७ चं एआरकिट आणि गूगलचं २०१८ चं एआरकोअर, याच जोडीवर चालतात. (महागड्या फोनात लायडार असतो, तो प्रकाश सोडून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो, १ मीटरला जेमतेम ७ नॅनोसेकंद.)

आणि लांबीतली चूक घनफळात तिनदा गुणली जाते. प्रत्येक बाजू १० टक्के जास्त धरली की १.१ चा घन १.३३, म्हणजे सामान एक तृतीयांशाने फुगलं, 'छोटा हत्ती' टेम्पोच्या जागी मोठी '४०७' गाडी आली. वर आमच्या कपाटाला आरशाची दारं, आरशामागे आणखी एक खोली आहे असा अशा प्रोग्रॅमचा समज होऊ शकतो.

तर पुन्हा नीट चालत, कोपऱ्याकोपऱ्यातून व्हिडिओ काढला, आकडा बराच खाली आला, मी खूश. शिफ्टिंगच्या दिवशी मुकादम आले, त्यांनी दिवाणावर दोनदा टकटक केली आणि विचारलं, "साहेब, आत काय भरलंय?" आत चार गाद्या, गणपतीचं मखर आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे. मग त्यांनी माळ्याकडे बघितलं. माळ्यावर कूलर, आजीची पितळी भांडी, सहा खोकी. कॅमेऱ्याला फक्त पृष्ठभाग दिसतो, आणि आपल्याकडे निम्मा संसार दिवाणात नाहीतर माळ्यावर असतो. हल्ली जाहिरातीत 'एआय' लिहितात ते मला पूर्वीच्या 'आयएसओ सर्टिफाइड'सारखंच वाटतं. रोबो हमालांचं काम घेणार म्हणतात त्यांनी एकदा लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमधून वॉशिंग मशीन उतरवून बघावं. रोबोंवर संशोधन करणाऱ्या हान्स मोरावेक यांनी १९८८ मध्येच लिहिलं होतं की मशीनला बुद्धीच्या परीक्षेत मोठ्या माणसाइतके मार्क मिळवून देणं सोपं, पण वर्षाच्या पोराइतकी नजर आणि चालणं-फिरणं देणं महाकठीण.

मुकादमांनी कपाटाची खोली वितीने मोजली, मग जिना उतरून वळणाचा कठडा त्याच वितीने मोजून आले. म्हणाले, "आडवं नाही जाणार, दारं काढा." आरसे ब्लँकेटमध्ये गुंडाळून आधी खाली गेले आणि मागून कपाट उभंच्या उभं, दोन बोटं जागा ठेवून.